बुद्धिमत्ता चाचणीतली आकृत्यांची कोडी कशी सोडवायची? पाच नियम, एक पद्धत आणि आयक्यू अ‍ॅपचं खरं-खोटं

तीन ओळी, तीन स्तंभ. आठ चौकटींत आकृत्या आणि नवव्या चौकटीत प्रश्नचिन्ह. खाली चार पर्याय. हे कोडं तुम्ही कुठे ना कुठे नक्की पाहिलं असणार. शिष्यवृत्तीच्या पेपरमध्ये, भरतीच्या तयारीत, कंपनीच्या ऑनलाइन टेस्टमध्ये, नाहीतर रील बघताना मधेच आलेल्या "तुमचा आयक्यू किती?" या जाहिरातीत.

मी अंबरनाथ पूर्वेला पालेगावात राहतो. आमच्याच बिल्डिंगमधला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे पळायला जातो, दुपारी अभ्यासिकेत बसतो. एके रात्री लिफ्टपाशी त्याने मला मोबाईल दाखवला. एका अ‍ॅपवर त्याने वीस आकृत्यांची टेस्ट दिली होती. स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरांत आकडा होता, ८४. खाली बटण होतं, "२९९ रुपयांत पूर्ण रिपोर्ट आणि सर्टिफिकेट मिळवा". तो म्हणाला, "दादा, म्हणजे माझं डोकंच कमी चालतं का? मग लेखीला बसून काय उपयोग?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडक्यात सांगायचं तर आकृत्यांची कोडी "दिसली तर दिसली, नाही तर नाही" अशी नसतात. त्यांच्यामागे मोजकेच नियम असतात आणि ते शिकता येतात. आणि जी गोष्ट शिकून सुधारते, तिच्यावरून एका रात्रीत कोणाचं डोकं मोजता येत नाही.

ही कोडी आली कुठून?

पहिली उपयोगी बुद्धिमत्ता चाचणी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल, हे ओळखणं हा तिचा उद्देश होता. त्या चाचणीत बोलण्याचे आणि शब्दांचे प्रश्न भरपूर होते. साहजिकच भाषा बदलली की चाचणी बदलावी लागायची.

आपल्याकडे हे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केलं. १९३० च्या दशकात त्यांनी बिने चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवली. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये आलं. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही भारतात मानसशास्त्रज्ञ वापरतात.

दुसरा रस्ता होता शब्दच काढून टाकायचा. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकेच्या सैन्यात इंग्रजी न वाचता येणारे हजारो जवान भरती होत होते. त्यांच्यासाठी "आर्मी बीटा" नावाची चित्रांची चाचणी तयार झाली. भारतात सी. एम. भाटिया यांनी ठोकळे आणि चित्रं जुळवण्याच्या कामांची एक चाचणीमालिका बनवली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही मालिका शाळेत न गेलेल्या मुलांनाही देता यावी, अशी तिची रचना होती.

आज आपण जे तीन बाय तीनचं कोडं बघतो, त्याचं श्रेय मात्र इंग्लंडच्या जॉन रेव्हन यांना जातं. लायोनेल पेनरोज या संशोधकाबरोबर काम करताना ते घरोघरी आणि शाळांमध्ये जाऊन चाचण्या घेत. लांबलचक बिने चाचणी तिथे घेणं अवघड जायचं. म्हणून त्यांनी फक्त आकृत्यांची चाचणी रचली. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या "प्रोग्रेसिव्ह मॅट्रिसेस"मध्ये ६० कोडी आहेत. १२ कोड्यांचा एक, असे पाच संच. प्रत्येक संचात कोडी सोप्याकडून अवघडाकडे जातात, म्हणून नावात "प्रोग्रेसिव्ह".

महाराष्ट्रात ही कोडी कुठे विचारतात?

• शिष्यवृत्ती परीक्षा: महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. २०१६-१७ आधी ती चौथी आणि सातवीला असायची, त्या वर्षी ती पाचवी आणि आठवीला गेली. त्या बदलानंतरच्या रचनेत दुसऱ्या पेपरमध्ये बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न आणि १०० गुण होते. आकृत्या हा त्यातला मोठा भाग.

• नवोदय प्रवेश परीक्षा: सहावीच्या प्रवेशासाठीच्या मानसिक क्षमता चाचणीत ४० प्रश्न आणि ५० गुण. हा विभाग पूर्णपणे आकृत्यांचा असतो. गटात न बसणारी आकृती, मालिका, आरशातली प्रतिमा, घडी घातलेला कागद, लपलेली आकृती, सगळं इथे भेटतं.

• पोलीस शिपाई भरती: लेखी परीक्षा १०० गुणांची आणि वेळ ९० मिनिटं. बुद्धिमत्ता चाचणी हा चार विषयांपैकी एक. यात संख्यामालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध यांच्या जोडीला आकृत्या येतात.

• ज्ञान प्रबोधिनी, पुणे: १९६२ मध्ये डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी सुरू केलेली ही संस्था बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी ओळखली जाते. तिच्या प्रशालेत प्रवेशासाठी बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या जातात.

म्हणजे हा नुसता टाइमपास नाही. कोणाची शिष्यवृत्ती, कोणाची शाळा, तर कोणाची नोकरी या चौकटींवर काही प्रमाणात अवलंबून असते.

मॅट्रिक्स कोड्यामागचे पाच नियम

१९९० मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कार्पेंटर, मार्सेल जस्ट आणि पीटर शेल या संशोधकांनी रेव्हनची अवघड कोडी एक-एक करून उलगडली. जवळपास सगळी कोडी पाच प्रकारच्या नियमांत बसतात, असं त्यांना आढळलं. ते नियम आपल्या भाषेत बघूया.

नियम १: ओळीत तेच राहतं

▲ | ▲ | ▲
● | ● | ●
■ | ■ | ?

उत्तर ■. हा नियम इतका सोपा की लोक तो विसरतात. अवघड कोड्यात इतर गोष्टी बदलत असताना एखादी गोष्ट, उदाहरणार्थ रंग, ओळभर तशीच असते. "काय बदलत नाही?" हा प्रश्नसुद्धा विचारायचा असतो.

नियम २: टप्प्याटप्प्याने वाढ किंवा घट

● | ●● | ●●●
▲ | ▲▲ | ▲▲▲
■ | ■■ | ?

उत्तर ■■■. इथे संख्या वाढली. कधी आकार वाढतो, कधी रेघ ठरावीक अंशांनी फिरते. हा नियम प्रत्यक्ष बघायचा असेल तर अंबरनाथच्या शिवमंदिरात जा. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चं हे मंदिर भूमिज शैलीतलं आहे. शिखराचा जेवढा भाग उरलाय, त्यावर छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा दिसतात आणि वर जाताना प्रत्येक छोटं शिखर आणखी लहान होत जातं. आकार तोच, माप उतरतं. हा झाला नियम २.

नियम ३: बेरीज किंवा वजाबाकी

पहिली चौकट अधिक दुसरी चौकट बरोबर तिसरी चौकट. पहिल्या चौकटीत उभी रेघ, दुसऱ्यात आडवी रेघ, तर तिसऱ्यात अधिकचं चिन्ह. वजाबाकीत उलट: पहिल्या चौकटीत चौकोनात वर्तुळ, दुसऱ्यात नुसतं वर्तुळ, तर तिसऱ्यात रिकामा चौकोन. एक चौकट दुसरीवर पारदर्शक कागदासारखी ठेवली तर काय दिसेल, अशी कल्पना करा.

नियम ४: तिघांचं वाटप

▲ | ● | ■
● | ■ | ▲
■ | ▲ | ?

उत्तर ●. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात तिन्ही आकृत्या एकदाच येतात. सुडोकू खेळत असाल तर हा नियम तुम्हाला आधीच येतो. ओळीत कोण हजर आहे ते बघा आणि गैरहजर कोण ते शोधा.

नियम ५: दोघांत आहे, तिसऱ्यात नाही

हा सगळ्यात फसवा. पहिल्या चौकटीत वर्तुळ आणि उभी रेघ. दुसऱ्यात वर्तुळ आणि आडवी रेघ. तिसऱ्यात उभी आणि आडवी रेघ, पण वर्तुळ गायब. प्रत्येक भाग तीनपैकी बरोबर दोन चौकटींत आहे. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर पहिल्या दोन चौकटींत जे सामाईक आहे ते उडतं आणि जे वेगळं आहे ते तिसऱ्यात उतरतं. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, हा सरळ सरळ "एक्स-ऑर" आहे.

मग अवघड काय असतं?

नियम जर पाचच, तर कोडी अडतात का? याचंही उत्तर त्याच संशोधनात आहे. त्या तिघांनी रेव्हनची कोडी सोडवणारे दोन संगणक प्रोग्राम लिहिले. "फेअर-रेव्हन" साधारण कॉलेज विद्यार्थ्याइतकी कोडी सोडवायचा आणि "बेटर-रेव्हन" सगळ्यात चांगल्या विद्यार्थ्यांइतकी. दोघांत मुख्य फरक दोन होते. एक, बेटर-रेव्हनला पाचवा नियम येत होता. आणि दोन, एकाच कोड्यात तीन-चार नियम असले तर कोणता तपासून झाला आणि कोणता बाकी आहे, याचा हिशेब तो नीट ठेवत होता.

दुसरा मुद्दा नीट वाचा. अवघड कोडं म्हणजे अवघड नियम असं बहुतेक वेळा नसतं. सोपेच नियम, पण एकावर एक रचलेले. आपण एक नियम पकडतो, दुसरा बघायला जातो, तेवढ्यात पहिला निसटतो. यावरचा उपाय अगदी साधा आहे. कच्च्या कामाच्या जागेत लिहून काढा.

सोडवण्याची पद्धत, पायरी-पायरीने

पायरी १: पर्याय हाताने झाका. आधी पर्याय पाहिले की डोळा "बरोबर दिसणारी" आकृती शोधत बसतो, नियम शोधत नाही.

पायरी २: आकृतीचे गुण वेगळे करा. आकार, संख्या, रंग किंवा भरणं, माप, दिशा, जागा. एवढे सहा गुण पुरतात. कोड्यात यातले किती गुण बदलतायत ते मोजा.

पायरी ३: एका वेळी एकच गुण घ्या. आधी आडव्या ओळीत तपासा, जमलं नाही तर उभ्या स्तंभात.

पायरी ४: नियम पहिल्या ओळीत सापडला की दुसऱ्या ओळीवर लावून बघा. दोन्ही ओळींना लागू झाला तरच तो खरा. एका ओळीवरून नियम ठरवणं ही सगळ्यात कॉमन चूक.

पायरी ५: दोन शब्दांत लिहा. "संख्या ३", "भरलेलं", "वर्तुळ". मग पर्याय उघडा आणि एकेक कटवत जा.

चला, एक कोडं पूर्ण सोडवूया.

▲ | ●● | ■■■
○ | □□ | △△△
■ | ▲▲ | ?

पर्याय: (अ) ●● (ब) ○○○ (क) ●●● (ड) ■■■

संख्या: पहिल्या ओळीत १, २, ३. दुसऱ्या ओळीतही १, २, ३. म्हणजे नियम २. उत्तरात तीन आकृत्या हव्यात. पर्याय (अ) बाद.

भरणं: पहिली ओळ पूर्ण भरलेली, दुसरी पूर्ण पोकळ. ओळीत तेच राहतंय, म्हणजे नियम १. तिसऱ्या ओळीत दोन्ही चौकटी भरलेल्या आहेत, म्हणून उत्तरही भरलेलं. पर्याय (ब) बाद.

आकार: प्रत्येक ओळीत त्रिकोण, वर्तुळ, चौकोन एकेकदा. नियम ४. तिसऱ्या ओळीत चौकोन आणि त्रिकोण आलेत, राहिलं वर्तुळ. पर्याय (ड) बाद.

उत्तर (क) ●●●.

आता चुकीच्या पर्यायांकडे पुन्हा बघा. (अ) मध्ये फक्त संख्या चुकली आहे, (ब) मध्ये फक्त भरणं, (ड) मध्ये फक्त आकार. पेपर काढणारे हे मुद्दाम करतात. तीनपैकी दोन नियम सापडलेला माणूस नेमका त्या चुकीच्या पर्यायावर जातो आणि "बरोबर आलं" म्हणून पुढे सरकतो. म्हणून पर्याय सापडल्यावर थांबू नका, सगळे गुण तपासून झाले का ते बघा.

मॅट्रिक्सशिवाय येणारे प्रकार

फिरणारी मालिका: बाण किंवा रेघ किती अंशांनी फिरली ते मोजा. घड्याळाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवा. ९० अंश म्हणजे तीन तास, ४५ अंश म्हणजे दीड तास. फिरणं प्रत्येक वेळी सारखंच असेल असं नाही, ४५, ९०, १३५ असं वाढतही जातं.

आरशातली प्रतिमा: डावं-उजवं उलटतं, वर-खाली तसंच राहतं. पाण्यातल्या प्रतिमेत बरोबर उलट, वर-खाली उलटतं आणि डावं-उजवं तसंच. आकृतीचा एकच ठळक भाग निवडा, जसं की कोपऱ्यातला ठिपका, आणि तो कुठे जाईल तेवढंच बघा. बहुतेक वेळा दोन पर्याय तिथेच कटतात. आरशातल्या घड्याळासाठी युक्ती अशी की दिलेली वेळ ११ वाजून ६० मिनिटांतून वजा करा. घड्याळात ३:२० असतील तर आरशात ८:४० दिसतील.

घडी घातलेला कागद: अर्ध्यात एक घडी घालून एक भोक पाडलं तर उघडल्यावर दोन भोकं, दोन घड्या असतील तर चार. भोक जितक्या थरांतून गेलं, तितकी भोकं. जागा शोधायची तर शेवटची घडी सगळ्यात आधी उघडा आणि घडीच्या रेषेला आरसा समजा. घरात जुनं वर्तमानपत्र असेल तर दोन-चार वेळा हाताने करून बघा. स्क्रीनवर दहा व्हिडिओ बघण्यापेक्षा ते लवकर डोक्यात बसतं.

लपलेली आकृती: पूर्ण आकृती शोधत बसू नका. तिचा सगळ्यात वेगळा कोपरा किंवा कोन निवडा आणि मोठ्या चित्रात फक्त तो शोधा.

गटात न बसणारी आकृती: इथे दिसायला वेगळी आकृती नको, नियम मोडणारी हवी. बाजू मोजा, रेघा मोजा, सममिती बघा. फिरवून सारख्या होणाऱ्या आकृत्या आणि आरशातल्यासारख्या उलटलेल्या आकृत्या यांतला फरक हा इथला नेहमीचा सापळा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना सममिती पटकन दिसते, कारण त्यांच्या हाताला ती सवय असते.

वेळेचं गणित

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० गुणांचे १०० प्रश्न धरले तर ९० मिनिटांत एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात. त्यामुळे सराव दोन टप्प्यांत करा. पहिले काही आठवडे घड्याळ न लावता, प्रत्येक कोड्याशेजारी नियम लिहून. नंतर घड्याळ लावून. परीक्षेत एका मिनिटात एकही नियम सापडला नाही तर खूण करून पुढे जा. परत येताना मात्र ओळ सोडून स्तंभाने सुरुवात करा, कारण पहिल्या वेळी अडलेल्या रस्त्यानेच डोकं पुन्हा जातं.

चुकलेल्या कोड्यांचा मोबाईलमध्ये एक वेगळा फोल्डर ठेवा. स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावर चुकलेल्या गुणाचं नाव लिहा: "दिशा बघितली नाही", "संख्या मोजली नाही". वीस-तीस स्क्रीनशॉट झाले की तुमचीच चूक एका पॅटर्नमध्ये दिसायला लागते.

आयक्यू अ‍ॅपचा आकडा किती खरा?

आता त्या ८४ कडे येऊया.

आयक्यू म्हणजे थर्मामीटरसारखा थेट मोजलेला आकडा नाही, ती तुलना आहे. खऱ्या चाचणीत तुमच्याच वयाच्या मोठ्या गटाला आधी तीच चाचणी दिलेली असते. त्या गटाची सरासरी १०० धरतात आणि साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. हा संदर्भगट नसेल तर आकड्याला अर्थ नाही. शिवाय खरी चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ समोर बसून घेतात आणि निकाल सांगताना थोडाफार मागे-पुढे होण्याची शक्यताही धरतात.

अ‍ॅप हा आकडा कोणाशी तुलना करून काढतं? वय किती धरतं? हे कुठेच लिहिलेलं नसेल तर तो आकडा प्रोग्रामरने बसवलेला आहे असं समजा. मी स्वतः कोड लिहितो. वीसपैकी सात बरोबर आले तर ८४ दाखव, असं लिहायला एक ओळ पुरते. आणि कमी आकडा दाखवला की माणूस बेचैन होऊन पैसे भरतो, हे जाहिरातवाल्यांना पक्कं माहीत असतं.

अशा अ‍ॅपवर गेलात तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

• टेस्ट फुकट आणि निकालाला पैसे असतील तर तिथेच बाहेर पडा. त्या सर्टिफिकेटला ना शाळेत किंमत, ना भरतीत.

• थोड्या रुपयांत "ट्रायल" देताना काही अ‍ॅप यूपीआय ऑटोपेची परवानगी घेतात. मग दर आठवड्याला किंवा महिन्याला पैसे कापले जातात. तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट हा भाग उघडा, नको असलेलं तिथून रद्द करा.

• कोडी सोडवायला कॉन्टॅक्ट, लोकेशन किंवा मेसेज वाचायची परवानगी लागत नाही. मागितली तर नकार द्या.

सरावाने गुण वाढतात, मग चाचणी मोजते काय?

न्यूझीलंडमधले अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात बऱ्याच देशांचे जुने निकाल एकत्र मांडले. पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे गुण वाढत चालले होते, आणि सगळ्यात ठळक वाढ रेव्हनसारख्या आकृत्यांच्या चाचण्यांत होती. नेदरलँड्समध्ये सैन्यात येणाऱ्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० आयक्यू अंकांनी वाढले. तीस वर्षांत माणसाचा मेंदू बदलत नाही. बदलतात शाळा, छापील चित्रं, तक्ते, नकाशे आणि आकृत्यांशी होणारी ओळख.

म्हणजे भाषा काढून टाकली तरी सवय काढून टाकता येत नाही. लहानपणापासून कोड्यांची पुस्तकं हाताळलेला मुलगा आणि पहिल्यांदाच असं कोडं बघणारा मुलगा यांच्या गुणांतला फरक निव्वळ बुद्धीचा नसतो. चाचणी काहीतरी मोजते हे खरं, पण तिच्या आकड्यात तयारीसुद्धा मिसळलेली असते.

यंत्रांच्या बाबतीतही हाच वाद झाला. २०१९ मध्ये फ्रान्स्वा शोले या संशोधकाने "आर्क" नावाचा रंगीत चौकटींच्या कोड्यांचा संच काढला. मोजकी उदाहरणं बघून नियम ओळखायचा आणि नव्या चौकटीवर लावायचा. त्यांचं म्हणणं असं की हुशारी म्हणजे आधीपासून येणारं कौशल्य नव्हे, तर थोड्या उदाहरणांवरून नवं किती पटकन शिकता येतं ते. अनेक वर्षं एआय मॉडेल्स या कोड्यांत अडखळत होती. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनएआयच्या ओ-३ मॉडेलने ७५.७ टक्के गुण मिळवले. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये कोड्यांचा आणखी अवघड दुसरा संच आला. गुण वाढले की मोजपट्टी बदलावी लागते, हे माणसांना लागू आहे तसं मशीनलाही.

शेवटी तीन सराव कोडी

सराव १: ↑ ↗ ↘ ← ? पुढचा बाण कोणता?

सराव २:
●●● | ●● | ●
■■■■ | ■■■ | ■■
▲▲▲▲▲ | ▲▲▲▲ | ?

सराव ३: घड्याळात १०:१० वाजलेत. आरशात किती दिसतील?

उत्तरं: (१) →. बाण ४५, ९०, १३५, मग १८० अंशांनी फिरतो. (२) ▲▲▲. ओळीत एक-एक कमी आणि स्तंभात एक-एक जास्त. (३) १:५०.

आमच्या बिल्डिंगमधल्या त्या मुलाबरोबर मी तीन रविवार बसलो. पाच नियम, सहा गुण, पर्याय झाकायचे, एवढंच केलं. तो रोज संध्याकाळी दहा कोडी वहीत नियम लिहून सोडवत होता. महिन्याभराने त्याने तेच अ‍ॅप पुन्हा उघडलं. आकडा आला ११२. तो खूश होऊन दाखवायला आला. मी त्याला विचारलं, "महिन्यात तुझं डोकं बदललं का?" तो हसला आणि म्हणाला, "नाही दादा, सवय बदलली." मग त्याने माझ्यासमोरच ते अ‍ॅप काढून टाकलं आणि वही उघडून दिशेच्या कोड्यात कुठे अडतोय ते दाखवलं.

लेखी परीक्षेचा निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण ८४ बघून तो अर्ज भरायचा थांबला असता, ते तरी टळलं. तुमच्या घरात किंवा ग्रुपमध्ये कोणी शिष्यवृत्तीची, नवोदयची किंवा भरतीची तयारी करत असेल, तर त्यांना पाच नियम आणि पाच पायऱ्या एका कागदावर लिहून द्या. अ‍ॅपच्या सर्टिफिकेटपेक्षा तो कागद जास्त कामाला येईल.